वासोट्याची बुडालेली वाट

ट्रेकिंग करणाऱ्या लोकांत वासोट्याला जरा वेगळाच मान आहे. राजगड-तोरणा सगळेच करतात. हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेनं केला की माणूस पुढची दोन वर्षं तेवढ्यावर काढतो. पण "वासोटा केलाय का?" असं कोणी विचारलं की समोरचा जरा सावरून बसतो. कारण तिथं नुसता चढ नाही. आधी बामणोलीहून लाँचनं शिवसागर ओलांडायचा, मग वनखात्याच्या चौकीत नावं लिहायची, प्लॅस्टिकचा हिशोब द्यायचा, मग जंगल, मग खडी चढण, आणि हे सगळं उरकून दिवस मावळायच्या आत परत लाँचवर. मुक्काम नाही. पावसाळ्यात प्रवेश नाही. मोबाइलला रेंज नाही (हा मात्र फायदा आहे, क्लायंटचा फोन येऊ शकत नाही!).

आणि ट्रेक करून आलेला प्रत्येक माणूस एक वाक्य हमखास म्हणतो : "काय जंगल आहे राव! एकदम अस्पर्श!"

आज मला या 'अस्पर्श' शब्दाचा जरा पंचनामा करायचाय. कारण वासोट्याचा इतिहास वाचत गेलो तसं लक्षात आलं की या डोंगराला माणसाचा स्पर्श झाला नाही असं एकही शतक सापडत नाही. उलट, तिथला चढ कोणाच्या उपयोगी पडला आणि कोणाला महागात पडला, एवढीच या किल्ल्याची गोष्ट आहे.

सुरुवात भूगोलापासून करू. सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपासचे. कठीण थराचा कडा होतो, मऊ थर झिजून त्याची पट्टी, माची होते. म्हणून आपल्याकडचा कुठलाही डोंगर लांबून पाहिला की पायऱ्या-पायऱ्यांचा दिसतो. यात गंमत अशी, की पूर्वेकडून, म्हणजे घाटमाथ्यावरून, डोंगर बऱ्यापैकी सभ्य वाटतो. पश्चिमेला मात्र एकदम कोकणात कोसळतो. वासोटा बरोबर या काठावर बसलाय, समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. त्यामुळे त्याच्या दोन बाजू म्हणजे दोन वेगळे ट्रेक आहेत. बामणोलीच्या बाजूनं मेट इंदवलीला उतरायचं, ओढा ओलांडायचा, मारुती-गणपतीला नमस्कार करायचा आणि झाडीतून सरळ वर. दमछाक होते, पण वाट वाट आहे. कोकणातल्या चोरवण्याहून नागेश्वरच्या गुहेकडे येणारी चढण मात्र घसाऱ्याची, जागोजागी हात टेकत चढायची. एक पाय टाकला की अर्धा पाय मागे. आणि याच चढणीनं महाशिवरात्रीला कोकणातले भाविक नागेश्वरला येतात. आपण ट्रेकिंग शूज, हायड्रेशन बॅग, एनर्जी बार घेऊन जे 'सर' करतो ते आजीबाई चपलेवर चढतात, वर देवाला नारळही घेऊन येतात. असो.

आता 'मेट इंदवली'तला 'मेट' हा शब्द बघा. किल्ल्याच्या घेऱ्यातल्या चौकीला मेट म्हणत. तिथं राहणाऱ्यांनी वाटेवर नजर ठेवायची, वर कोण जातंय, खाली कोण उतरतंय ते बघायचं आणि त्या बदल्यात आसपासची जमीन कसायची. म्हणजे आज जिथं वनखात्याची चौकी आहे तिथं शेकडो वर्षांपूर्वीही चौकीच होती. फक्त तेव्हा ती चौकी म्हणजे एक गाव होतं. चुली, गोठे, भाताची खाचरं, सगळं असलेलं. किल्ल्याची खरी तटबंदी ही माणसं होती. दगडाचा तट नंतर.

किल्ला किती जुना? परंपरा शिलाहार भोज राजापर्यंत नेते. पुढे हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. शिवाजी महाराजांनी १६५६ मध्ये जावळी घेतली आणि त्यानंतर काही वर्षांत वासोटाही स्वराज्यात आला. त्याला व्याघ्रगड हे दुसरं नाव मिळालं. पण राजगड किंवा प्रतापगडासारखं मोठं राजकारण किंवा मोठी लढाई वासोट्यावर घडली नाही. त्याच्या वाट्याला वेगळं काम आलं : तुरुंग.

तुरुंगाला लागतं काय? आत जायला अवघड, बाहेर पडायला त्याहून अवघड, आणि निसटलाच कोणी तर जंगलात वाट सापडू नये. वासोटा तिन्हीत पास. १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली. आदल्या वर्षी पन्हाळ्याच्या वेढ्यात याच इंग्रजांनी सिद्दी जौहरच्या बाजूनं तोफा डागल्या होत्या, त्याचा हिशोब चुकता झाला. पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना वासोट्यावर ठेवलं. राजापूरच्या वखारीत बसून हिशोबाच्या वह्या लिहिणारी ती माणसं, त्यांना हा चढ कसा वाटला असेल याचा विचार मी दुसऱ्या टप्प्यावर धापा टाकत असताना केला. आपल्याला निदान माहीत असतं की संध्याकाळी खाली उतरायचंय!

पुढची कैदी-कहाणी उलटी आहे. इथं किल्ल्याची मालकीण एक बाई आहे. दुसऱ्या बाजीरावानं परशुराम श्रीनिवास पंतप्रतिनिधींना मसूरला नजरकैदेत टाकलं होतं. त्यांची उपपत्नी ताई तेलीण. जातीनं तेली म्हणून तेलीण. तिनं वासोटा ताब्यात घेतला, माणसं जमवली आणि पंतांना सोडवून आणलं. मग पेशव्यांचा सेनापती बापू गोखले चालून आला. लढाईत पंतांनी एक हात गमावला आणि ते पुन्हा पकडले गेले. गोष्ट इथंच संपायला हवी होती. पण ताई तेलीण वासोट्यावर गेली आणि आठ महिने लढली. १८०६-०७ च्या सुमारास, पेशवाईच्या सगळ्यात नावाजलेल्या सेनापतीविरुद्ध! शेवटी किल्ल्यावरच्या धान्याच्या कोठाराला आग लागली आणि तिला किल्ला सोडावा लागला. कडा शेवटपर्यंत तिच्या बाजूनं होता, घात केला तो रिकाम्या कोठारानं. मला हा तपशील फार महत्त्वाचा वाटतो. खालून धान्य येत होतं तोवरच हा चढ किल्ल्याच्या बाजूचा होता.

याच काठावर दक्षिणेला सरकत गेलं की प्रचितगड येतो. इथं जिल्ह्यांची जरा गंमत आहे. सातारा आणि सांगली हे मुळात एकाच जुन्या सातारा जिल्ह्याचे तुकडे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली ठेवलं. मी स्वतः सांगलीचा. आमच्याकडं म्हणजे द्राक्षं, हळद आणि सपाट काळं रान. सांगलीला सह्याद्री आहे हे पुण्यातल्या निम्म्या मित्रांना पटत नाही. पण शिराळा तालुक्याचं पश्चिम टोक थेट या काठाला भिडतं आणि तिथं चांदोलीचं जंगल आहे. प्रचितगड या जंगलाच्या कडेला. खालच्या कोकणातल्या शृंगारपुराहून चढायचं तर जीव निघतो, आणि शेवटच्या कड्याला लोखंडी शिडी.

शृंगारपूर म्हणजे संभाजीराजांच्या ओळखीचं गाव. शिवाजी महाराज कर्नाटकाच्या मोहिमेवर असताना राजे तिथं राहत होते. पाठीशी असा भिंतीसारखा डोंगर, मग वरच्या बाजूनं कोण येणार? पण १६८९ च्या फेब्रुवारीत शृंगारपुरापासून जवळच संगमेश्वरला राजे पकडले गेले ते कोल्हापूरच्या बाजूनं सह्याद्री ओलांडून आलेल्या मुकर्रबखानाकडून. डोंगरावर विसंबून राहता येतं ते समोरच्यानं तो ओलांडायचं ठरवेपर्यंत. कैद करून वर घाटमाथ्यावर नेताना बत्तीस शिराळ्याला राजांना सोडवायचा प्रयत्न झाला, अशी परंपरा आमच्या भागात सांगतात. तो फसला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

वासोट्याच्या बाबतीत हेच १८१८ मध्ये घडलं. खडकीची लढाई होऊन गेली होती. युद्धाच्या धामधुमीत बाजीरावानं छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या घरातली काही माणसं वासोट्यावर ठेवली होती. दोन इंग्रज अधिकारीही तिथं कैदेत होते. फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडला, महाराज इंग्रजांच्या हाती आले. सिंहगड, पुरंदर घेऊन जनरल प्रिट्झलरची फौज मार्चअखेर वासोट्याखाली आली.

आता वासोट्याच्या शेजारी, मध्ये बाबूकड्याची भयानक दरी सोडून, जुना वासोटा म्हणून एक डोंगर आहे. वर गेलात की समोरच दिसतो. बाबूकड्याच्या टोकाशी उभं राहून सगळेजण फोटो काढतात ना, बरोबर त्याच फ्रेममध्ये मागे असतो. इंग्रजांनी त्या जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या. एप्रिलच्या ५ तारखेला मारा सुरू झाला आणि दुसऱ्या दिवशी किल्ला खाली झाला. ताई तेलिणीनं आठ महिने लढवलेला किल्ला! वासोट्याचा कडा चढायची इंग्रजांना गरजच पडली नाही. दरीपलीकडून तोफगोळा येऊ लागला की खालचा चढ कितीही खडा असला तरी त्याला अर्थ उरत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर फायरवॉल शाबूत होती, हल्ला दुसऱ्याच पोर्टवरून झाला. चार दिवसांनी, १० एप्रिलला, प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवलं. गादी परत मिळाली, राज्य नाही.

त्यानंतर इंग्रजांनी महाराष्ट्रभर एक पद्धतशीर काम केलं. किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, म्हणजे पुन्हा कोणी वर जाऊन बसायला नको. नाशिककडच्या अलंग-मदनला आज दोर लावून जो 'रॉक पॅच' आपण चढतो तिथं एकेकाळी पायऱ्या होत्या. थोडक्यात काय, ज्याला आपण निसर्गाची अवघड चढाई म्हणतो त्यातली काही चढाई सरकारी आदेशानं तयार झालेली आहे.

आणि इथून मी मूळ मुद्द्यावर येतो. तोफेनंतर या डोंगरावर सगळ्यात मोठा घाव घातला तो धरणानं.

कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहते, मग पूर्वेला वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कृष्णा पुढे आमच्या सांगलीला येते. पावसाळ्यात कोयनेतून किती पाणी सोडलं आणि आयर्विन पुलाखाली पातळी किती झाली, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगेल. २००५ आणि २०१९ नंतर तर विचारूच नका. ही पूर्वेला जाणारी नदी हेळवाकजवळ १०३ मीटर उंचीची भिंत घालून अडवली, साधारण १०५ टीएमसी पाणी साठवलं. काम पन्नासच्या दशकात सुरू झालं आणि १९६४ पर्यंत धरण उभं राहिलं. पण या पाण्याचा मोठा भाग पूर्वेला जातच नाही. डोंगराच्या पोटातून बोगदा काढून ते पश्चिमेला पोफळीच्या बाजूला सोडतात, खाली टर्बाइन फिरतात आणि पाणी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. का? कारण पश्चिमेला उतार आहे! पावणेपाचशे मीटरच्या आसपास.

मी इंजिनियर असल्यामुळे इथं हिशोब केल्याशिवाय राहवत नाही. एक घनमीटर पाणी, म्हणजे १००० किलो, ४७५ मीटर खाली पडलं तर साधारण ४६.५ लाख ज्यूल, म्हणजे सव्वा युनिटच्या थोडं वर. वाटेतली घट धरून एक युनिट हातात येतं म्हणा. आता उलटा हिशोब. सॅकसकट ७० किलोचा एक सॉफ्टवेअर इंजिनियर तळ्याच्या काठापासून वासोट्याच्या माथ्यापर्यंत ५०० मीटर चढला, तर काम होतं सुमारे ३.४ लाख ज्यूल. एक दशांश युनिटसुद्धा नाही. एवढ्यासाठी आपण दोन दिवस पाय धरून बसतो. ज्या उतारानं मोऱ्यांचं रक्षण केलं, कैद्यांना कोंडलं, त्याच उतारावर आज सुमारे १९६० मेगावॉटचा प्रकल्प उभा आहे. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात ते उगीच नाही. पुण्या-मुंबईच्या कारखान्यांपासून आपल्या ऑफिसच्या एसीपर्यंत कितीतरी गोष्टी त्या विजेवर मोठ्या झाल्या.

पण ही भाग्यरेषा ज्यांच्या हातावरून काढली ती माणसं? शंभराच्या आसपास गावांना धरणाची झळ बसली. खोऱ्यातली भाताची जमीन तळाशी गेली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा आला १९७६ मध्ये, म्हणजे पाणी भरून बारा वर्षं झाल्यावर. लोक विखुरले. कोणी रायगड-ठाण्याला, कोणी सोलापूरला, कोणी साताऱ्याच्या दुसऱ्या टोकाला, कोणी आमच्या सांगली जिल्ह्यात. काहीजण लांब गेलेच नाहीत, पाण्याच्या वर डोंगरउतारावर सरकून राहिले. १९८५ मध्ये तिथं कोयना अभयारण्य झालं आणि त्यांच्यातल्या अनेकांवर दुसऱ्यांदा उठायची वेळ आली. तिकडं वारणेवर चांदोलीचं ३४ टीएमसीचं धरण आणि चांदोली अभयारण्य, तीच गोष्ट पुन्हा. झोळंबी, रुंदीव ही गावांची नावं आता ट्रेकर आणि वनखात्याच्या नकाशातच भेटतात. २००४ मध्ये चांदोली राष्ट्रीय उद्यान झालं, २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प, २०१२ मध्ये जागतिक वारसा. प्रत्येक पायरीला जंगल वाढत गेलं, माणूस कमी होत गेला. आणि २०१८ मध्ये कोयनेचे धरणग्रस्त श्रमिक मुक्ती दलाच्या नेतृत्वाखाली कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. जमिनीच्या मागणीसाठी. धरण होऊन पन्नासहून जास्त वर्षं झाल्यावर!

आमच्या ग्रुपमधला एकजण अशाच एका पुनर्वसित गावचा. कंपनीत आम्ही एकाच टीममध्ये, पण हे त्यानं कधी सांगितलं नव्हतं. लाँच अर्ध्या तळ्यात आली तसा तो नावाड्याच्या शेजारी जाऊन बसला आणि म्हणाला, "काका, आमची आज्जी विचारत होती, बामणोलीपासनं पुढची गावं कुठकुठं होती वो?" नावाडीकाकांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, "कुठल्या गावचं तुमी?" असं विचारलं आणि मग हात करून दाखवायला लागले. ह्या टेकाडाखाली अमुक. त्या वळणाला तमुक, तिथं बाजार भरायचा. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा उघडा पडतोय. आमच्यासाठी सगळीकडं एकसारखं निळं पाणी होतं, त्यांच्यासाठी तो रस्ता होता, थांब्या-थांब्यांचा. मित्रानं सगळी नावं मोबाइलमध्ये टाइप करून घेतली. नंतर दिवसभर तो चढताना फारसा बोलला नाही.

तेव्हा मला कळलं की वासोट्याची वाट मेट इंदवलीपासून सुरू होत नाही. ती कितीतरी आधी, खोऱ्यातल्या गावांमधून, खाचरांच्या बांधावरून यायची. आपण करतो तो ट्रेक म्हणजे तिचा पाण्यावर उरलेला तुकडा आहे. जे अरण्य आपल्याला आदिम वाटतं त्यातल्या काही झाडांखाली अजून जोती आहेत, उखळं आहेत, आंबे-फणस ओळीत उभे आहेत. फणसाची झाडं ओळीत स्वतःहून उगवत नाहीत!

म्हणून धरण नको होतं, जंगल नको होतं असं मी म्हणतोय का? नाही. दिवसभर एसीत बसून लॅपटॉपवर काम करणाऱ्या माणसानं कोयनेच्या विजेला नावं ठेवणं हा शुद्ध दांभिकपणा होईल. आणि शेकरू, गवा, धनेश यांना राहायला हा एवढाच पट्टा उरलाय, तिथं प्रवेशाचे कडक नियम हवेतच. माझं म्हणणं एवढंच, की हिशोब पूर्ण मांडावा. आपण प्रवेशाची पावती फाडली की जंगलाची किंमत चुकती झाली असं समजतो. ती किंमत दुसऱ्यांनीच आधी भरलेली आहे, आणि त्यातल्या अनेकांना त्याची पावतीही मिळालेली नाही. ज्यांच्या पूर्वजांनी मेटावर बसून वाटेची राखण केली, त्यांच्या नातवाला आज त्याच जागी रांगेत उभं राहून ओळखपत्र दाखवावं लागतं.

तेव्हा मंडळी, वासोटा जरूर करा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी भरपूर घ्या, प्लॅस्टिक परत आणा, बाबूकड्याच्या टोकाला उगाच मस्ती करू नका. ताई तेलिणीची आठवण काढा, समोरच्या जुन्या वासोट्याकडे बघून तोफ कुठं ठेवली असेल याचा अंदाज बांधा. आणि जाताना लाँचमध्ये गाण्यांच्या भेंड्या सुरू करायच्या आधी पाच मिनिटं नावाडीकाकांना खालच्या गावांची नावं विचारा. ती सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.